पोलंडच्या जांबोरीसाठी साडेतीन लाख कसे उभे करायचे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा मुलगा नागपूरचा आहे, नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे आणि राज्य पुरस्कार मिळवलेला स्काउट आहे. २०२७ मध्ये पोलंडला होणाऱ्या जागतिक जांबोरीसाठी, म्हणजे जगभरच्या स्काउटांच्या मोठ्या शिबिरासाठी, जिल्ह्यातून त्याचे नाव पुढे गेले आहे, पण निवड अजून पक्की नाही. खर्च साडेतीन लाखांच्या घरात जाईल असे त्याला सांगितले आहे. वडिलांचे छोटे दुकान आहे, ते लाखभर देऊ शकतात. बाकीच्या पैशांसाठी इन्स्टाग्रामवर आवाहन आणि क्यूआर कोड टाकू का, की कंपन्यांना सीएसआरसाठी, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या त्यांच्या निधीसाठी, पत्रे लिहू, असे तो विचारतो.

मी नागपुरातच शाळेचे पथक चालवते. परदेशी शिबिरांना गेलेली मुले पाहिली आहेत आणि पैशांपायी अडलेली मुलेही पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझा प्रश्न ‘अडीच लाख कुठून आणू’ असा आहे. पण हे अडीच लाख एकदम लागत नाहीत आणि सगळे एकाच ठिकाणाहून यायचेही नाहीत. काही तू कष्टाने मिळवशील, काही खर्च टाळून वाचतील, काही नातेवाईक देतील आणि उरलेले तुला मागावे लागतील. यातल्या प्रत्येकाची वेळ वेगळी असते. तू नेमका शेवटच्या कामापासून सुरुवात करायला निघाला आहेस.

माझ्या पथकात एक नियम आहे. स्वतःच्या कामाचे पैसे आजपासून जमवायचे, दुसऱ्याचे पैसे निवडीचे पत्र हातात पडल्यावरच घ्यायचे. निवड झाली नाही तर तुझ्या कष्टाचे पैसे तुझ्याच खात्यात राहतात. पण शेजारच्या काकूंनी दिलेले दोन हजार ‘पोलंडसाठी’ दिलेले असतात. एका मुलाच्या घरच्यांनी उत्साहाच्या भरात आधीच वर्गणी गोळा केली आणि नंतर यादीत त्याचे नाव आले नाही. पैसे परत करायला गेल्यावर निम्मे लोक घेईनात आणि उरलेले अवघडले. पोरगा पुढे कित्येक महिने त्या गल्लीतून मान खाली घालून जायचा. त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

आता साडेतीन लाख हा आकडा फोडून बघ. जिल्हा कार्यालयात जा, जिल्हा संघटकांना भेट आणि तीन गोष्टी लेखी माग: या रकमेत काय काय धरले आहे, हप्ते कधी कधी भरायचे, आणि जाणे रद्द झाले तर कोणत्या हप्त्यातले किती परत मिळते. जागतिक जांबोरीचे सहभाग शुल्क प्रत्येक देशाच्या आर्थिक स्थितीप्रमाणे वेगवेगळ्या गटांत ठरते, त्यामुळे इंटरनेटवर युरोप-अमेरिकेतल्या मुलांचे आकडे वाचून घाबरू नकोस. शुल्क, विमानभाडे, व्हिसा, विमा, दिल्ली किंवा मुंबईपर्यंतचा प्रवास, गणवेश, सामान, हातखर्च असे वेगळे रकाने पाड. बहुतेक घरांत ‘साडेतीन लाख’ म्हणून जो धसका बसलेला असतो, तो हप्त्यांच्या तारखा समोर आल्या की बराच उतरतो.

याच भेटीत आणखी एक खात्री करून घे. या जांबोरीला भारतातून जायचे तर भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या राष्ट्रीय मुख्यालयामार्फतच जाता येते. स्काउट हे नाव लावून परस्पर परदेश सहली विकणारे एजंट असतात. पैसे मागणारे पत्र कोणत्या कार्यालयाच्या शिक्क्याने आले आहे ते वडिलांना नीट बघू दे. वयाची अटही तपास. जांबोरी ३० जुलै ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात ग्दान्स्कला आहे, आणि सहभागी मुले चौदा ते सतरा वर्षांची लागतात.

पासपोर्टकडे मुलांचे हमखास दुर्लक्ष होते. अठराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर चालतो. पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला तर परतीच्या तारखेनंतरही किमान तीन महिने पासपोर्ट चालू असावा लागतो. म्हणजे तुला सप्टेंबर २०२७ मध्ये अठरा पूर्ण होणार असतील, तर साधा अल्पवयीनांचा पासपोर्ट कामाचा नाही. पंधरा पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच माग. ऐनवेळी तत्काळसाठी दोन हजार जादा भरण्यापेक्षा आत्ता सुट्टीत अर्ज कर. व्हिसाचे शुल्क बारा वर्षांपुढच्यांना ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे आजारपणाचे संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. हा खर्च टळत नाही. सामानाचा टळतो. सॅक, स्लीपिंग बॅग, रेनकोट, जाड जॅकेट आधी जाऊन आलेल्यांकडून उसने मिळते. तिकडचा उन्हाळा आपल्या नागपुरी थंडीसारखा, त्यामुळे जॅकेट लागतेच. पण त्यासाठी सीताबर्डीवर दहा हजार खर्च करायची गरज नाही.

आता कामाकडे येते, कारण मला खरे बोलायचे आहे ते त्याबद्दल. आपल्याकडे ‘खरी कमाई’, म्हणजे स्काउटांनी कामे करून पैसे मिळवायचा उपक्रम, आहे ती उगाच नाही. स्काउट काटकसरी असतो हा नियम तू शाळेत पाठ केलास. पैसे मागण्याआधी ते मिळवणे हा त्याचाच भाग. चौदा वर्षांपुढच्या मुलांना धोकादायक नसलेले काम करायला कायद्याची आडकाठी नाही, आणि तुझी परीक्षा अशा वेळी संपली आहे की नागपुरात काम दारात उभे आहे.

ते काम म्हणजे कूलर. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक घरी माळ्यावरून नाहीतर गॅलरीतून कूलर निघतो, आणि मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणून आठ दिवस येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या घरी तर कूलर हलवायलाही माणूस नसतो. तुमच्या पथकातले दोघे मिळून हे काम घ्या. चारही बाजूंच्या जाळ्या काढायच्या, गेल्या वर्षीच्या ताट्या, म्हणजे ज्यांच्यावर पाणी पडते ते गवताचे पडदे, फेकायच्या. त्या क्षारांनी पांढऱ्या आणि कडक झालेल्या असतात, हातात भुगा होतो. टाकी ब्रशने घासायची, पंपाची जाळी साफ करायची. मग वरच्या पन्हळीकडे बघायचे. तिच्यातून ताट्यांवर पाणी पडते, आणि तिची बारीक भोके क्षारांनी बुजलेली असतात. ती तारेने एकेक मोकळी केली नाहीत तर नव्या ताट्या लावूनही एक बाजू कोरडी राहते आणि कूलर गरम हवा फेकतो. घाईतला मिस्त्री ही भोके हमखास सोडतो. तू सोडली नाहीस तर तेच घर पुढच्या वर्षीही तुलाच बोलावेल आणि शेजारणीलाही सांगेल.

एक गोष्ट मात्र मी मुलांकडून वहीत लिहून घेते. कूलरला हात लावण्याआधी पिन सॉकेटमधून काढून आपल्याला दिसेल अशी ठेवायची, घरातले मोठे माणूस समोर असल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, आणि वायर, मोटर, स्विच यांना हात लावायचा नाही. ते काम इलेक्ट्रिशियनचे. पत्र्याचा कूलर, पाणी आणि उघडी वायर यांनी आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे जातात. तुझ्या जिवापुढे जांबोरीची काहीच किंमत नाही. काम सकाळी नवाच्या आत आटपायचे, हेही त्यातच आले.

दर ठरवताना तुमच्या भागातला मिस्त्री काय घेतो ते विचारा. समजा मजुरी अडीचशे रुपये, ताट्यांचे पैसे वेगळे, पावतीप्रमाणे. शनिवार-रविवारी सकाळी तीन-तीन कूलर केले तर आठवड्याचे दीड हजार, आठ आठवड्यांचे बारा हजार, दोघांत सहा-सहा. पाऊस लागला की त्याच घरांत कूलर उपसून, सुकवून, झाकून ठेवायचे काम असते. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, त्यामुळे लोक ते आनंदाने करून घेतात.

पावसाळ्याच्या अखेरीस तान्हा पोळा येतो, लाकडी नंदी मिरवायचा लहान मुलांचा पोळा. घरोघरी लाकडी नंदी असतात, रंग उडालेले, एखादे चाक मोडलेले. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने पोळा सप्टेंबरात जातो, म्हणजे अख्खा श्रावण हाताशी आहे. नंदी घासून, नवा रंग देऊन, शिंगांना बेगड लावून परत द्यायचा. चित्रकलेचा हात असेल तर यात चांगले पैसे मिळतात. दिवाळीच्या सुमारास संत्री सुरू होतात. काटोल-कळमेश्वरकडच्या एखाद्या ओळखीच्या बागायतदाराकडून क्रेट आणून सोसायटीत विकता येतात, पण आधी ऑर्डर आणि मगच माल. संत्रे थांबत नाही, दोन क्रेट सडले की महिन्याची कमाई गेली. फराळ किंवा घरचे पदार्थ विकायचे मनात असेल तर त्याला अन्नसुरक्षा नोंदणी लागते. ती आईच्या नावाने आधी करून घ्या.

आता यातली खरी बेरीज. अकरावीचा अभ्यास सांभाळून पुढच्या जुलैपर्यंत तू कामातून चाळीस-पन्नास हजार मिळवलेस तर मी तुझी पाठ थोपटेन. त्याहून जास्त धरू नकोस. उसन्या सामानातून वीस-पंचवीस हजार वाचतील. वडिलांचे एक लाख. म्हणजे एक लाख पंचाहत्तर ते एक लाख नव्वद हजार अजून उरतात. कामाने सगळे पैसे उभे राहतील असे तुला कोणी सांगत असेल तर तो हिशेब करून बोलत नाही.

मग काम करायचे कशाला? कारण ती उरलेली रक्कम लोक कशावर देतात ते मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. ते वहीवर देतात. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँकेत उघडता येते, ते आजच उघड. यातला प्रत्येक रुपया त्यातच जाऊ दे, वडिलांच्या दुकानाच्या खात्यात मिसळू नकोस. सोबत एक वही ठेव: तारीख, घर, काम, जमा, खर्च. काही महिन्यांनी निवडीचे पत्र आले की ही वही आणि पासबुक घेऊन तू कोणासमोरही ताठ बसू शकतोस.

आणि मग मागायचे ते या क्रमाने. आधी जवळचे नातेवाईक. दहावीच्या निकालाला पेन, घड्याळ देण्याऐवजी या खात्यात टाका म्हणून आजी-आजोबा, मामा, आत्या यांना सांगायला काहीच हरकत नाही. नातेवाईकांचे पैसे तू निवडीआधी घेतलेस तरी चालेल, कारण निवड नाही झाली तरी ते तुझ्या शिक्षणाला उपयोगी पडले याचे त्यांना समाधान असते. त्यानंतर शाळेचे माजी विद्यार्थी आणि जुने स्काउट. नागपुरात महालापासून धरमपेठेपर्यंत जुन्या शाळांची मोठमोठी मंडळे आहेत, आणि ज्यांनी कधीकाळी स्कार्फ बांधला आहे त्यांचा जीव त्यात असतो. मग रोटरी, लायन्ससारखे क्लब. यांच्याकडे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळेमार्फत जावे, आणि रक्कम शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यात यावी.

पत्र एका पानाचे लिही. दुःखाची कहाणी नको, वडिलांच्या दुकानाची अडचण नको. ‘एकूण खर्च इतका. घरून इतके. मी कूलर सफाई आणि नंदी रंगवण्यातून इतके मिळवले, वहीची प्रत जोडली आहे. अमुक तारखेच्या हप्त्याला इतके कमी पडतात. त्यातले दहा हजार आपण द्यावेत अशी विनंती.’ नेमकी रक्कम आणि नेमकी तारीख असली की सभेत निर्णय घेणे त्यांना सोपे जाते. ‘यथाशक्ती मदत करावी’ असे लिहिलेली पत्रे फाइलला लागतात. परत आल्यावर त्यांच्या सभेत येऊन जांबोरीबद्दल बोलेन, हे लिहायचे आणि पाळायचे.

सीएसआरच्या मागे वेळ घालवू नकोस. कंपनीला तो पैसा भारतात होणाऱ्या, ठरवून दिलेल्या प्रकारच्या सामाजिक कामांवरच खर्च करता येतो. देशाबाहेरचा उपक्रम त्यात बसत नाही. अपवाद आहे तो राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. त्यामुळे उत्तर येणार नाही, आणि तो तुझा दोष नसेल. कंपनीचा मालक ओळखीचा असेल तर त्याच्या स्वतःच्या खिशातून माग, ते वेगळे.

इन्स्टाग्रामवरच्या क्यूआर कोडला माझा स्पष्ट नकार आहे, आणि त्याची कारणे आहेत. अल्पवयीन मुलाचे नाव, शाळा, फोटो, प्रवासाच्या तारखा आणि बँकेचा तपशील एकाच ठिकाणी उघड्यावर ठेवणे मला धोक्याचे वाटते. अनोळखी माणसाला तू खरा की खोटा हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे पैसे फारसे येतही नाहीत. आलेच तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांच्या वर गेलेली भेट पूर्ण रकमेसह करपात्र होते. व्यक्तीला दिलेल्या पैशांवर देणाऱ्याला आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही. ती हवी असलेला दाता नोंदणीकृत संस्थेलाच देईल. उघड वर्गणी काढायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागू शकते, गणेश मंडळांना लागते तशी. अमेरिकेतल्या मावशीने पाठवले तर करासाठी ते नातेवाईकाचे धरतात, पण परदेशातल्या अनोळखी लोकांकडून किंवा संस्थांकडून काही घेऊ नका, त्याचे कायदे कडक आहेत.

लकी ड्रॉची कुपने विकायची कल्पना कोणीतरी सुचवेलच. खासगी लॉटरी काढणे गुन्हा आहे, त्यामुळे ते नाहीच. आणि स्वतःच्या प्रवासासाठी गणवेश घालून कोणाच्या दारात पैसे मागायला जायचे नाही. गणवेशात काम करायचे, मागायचे नाही. शाळेच्या खरी कमाई सप्ताहात जमलेली रक्कम पथकाची असते, तीही तुझ्या तिकिटाला वापरायची नाही.

इथवरचे थोडक्यात: हप्त्यांचा कागद, पासपोर्ट, खाते, वही आणि काम आत्ता, नातेवाईक निकालाच्या वेळी, बाकी सगळ्यांकडे पत्र निवडीनंतर.

राहिले ते जाणे रद्द होण्याचे. २०२३ ला कोरियातल्या जांबोरीत आधी उन्हाचा कहर झाला, मग वादळ येणार म्हणून सगळे शिबिरच हलवावे लागले. काही देशांची मुले त्याआधीच निघून गेली होती. व्हिसा नाकारला जाऊ शकतो, तू ऐनवेळी आजारी पडू शकतोस. म्हणून देणाऱ्याच्या पत्रात दोन ओळी घालायच्याच: ‘मी जाऊ शकलो नाही तर न खर्चलेली रक्कम आपल्याला परत केली जाईल, किंवा आपल्या संमतीने पथकातल्या पुढच्या मुलासाठी ठेवली जाईल.’ कोणता पर्याय हवा ते देणाऱ्यालाच खूण करू दे. ही ओळ वाचून कोणी मागे हटलेले मी पाहिले नाही. उलट माणसे विश्वासाने देतात.

आणि हे तुझ्या आई-वडिलांसाठी. परत न मिळणारा पहिला मोठा हप्ता ज्या दिवशी भरायचा, त्याच्या महिनाभर आधी एक तारीख ठरवा. त्या तारखेला पैसे कुठवर आले ते तिघांनी बसून बघा. भरवशाचे पैसे निम्म्याच्याही खाली असतील तर थांबा. या प्रवासासाठी कर्ज काढू नका, दागिने गहाण ठेवू नका, दुकानाचे भांडवल मोडू नका. मुलगा रडेल, चार दिवस जेवणार नाही. तरीही नाही. जांबोरीचा अनुभव मोठाच आहे, पण व्याजाचे हप्ते भरत घरात जो ताण राहतो तो मुलाला कळतो, आणि पोलंडच्या आठवणीसोबत तोही त्याच्या मनात राहतो.

थांबावे लागले तर तुझ्यापुढचे रस्ते बंद होत नाहीत. पचमढीचे राष्ट्रीय केंद्र नागपूरहून एका रात्रीच्या अंतरावर आहे आणि तिथल्या साहस शिबिरांना तुझ्या कूलरच्या कमाईत जाऊन येता येते. राष्ट्रीय जांबोरीत परदेशी पथके येतात. ऑक्टोबरमध्ये रेडिओ आणि इंटरनेटवर जगभरच्या स्काउटांचा मेळावा भरतो, त्याला फक्त चालू इंटरनेट लागते. तुझ्या शाळेतल्या गाइड मुलींना सांग, त्यांचे एक जागतिक केंद्र, संगम, १९६६ पासून पुण्यातच आहे. आणि अठरा पूर्ण झाले की जागतिक जांबोरीत सेवा देणाऱ्यांच्या तुकडीत अर्ज करता येतो. २०२७ नंतरची जांबोरी चार वर्षांनी येईल तेव्हा तू कमावता असशील, किंवा त्याच्या जवळ पोचलेला असशील.

जिल्हा कार्यालयातून हप्त्यांचा कागद मिळाला की त्यातल्या तारखा आणि तुझी जन्मतारीख कळव. पासपोर्ट कोणत्या प्रकारचा मागायचा आणि पहिल्या हप्त्याला खरोखर किती कमी पडतात, ते आपण नीट मांडून बघू.